पत्तीआत्याचा सूर

आमची आत्या हाताला लागेल ते तोंडात धरायची. धानाची काडी, बांबूचं सालपट, तळ्याकाठचं गवत, पिंपळाचं कोवळं पान. दोन ओठांत धरायचं, डोळे बारीक करायचे, हळू फुंकायचं आणि निकाल द्यायचा. "बोलते" किंवा "नाही बोलत." बोलली तर पदराला बांधायची, नाही तर थुंकून टाकायची. माणसांनाही ती हेच लावी. नवा जावई घरी आला की त्याला नीट न्याहाळून आत येऊन सांगायची, "ओला हाय अजून. वाळू दे." तिचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. कोणी पाहिला असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन सांगावं.

आम्ही गोंदियाजवळच्या मुर्रीचे वाजंत्री. माझा आजा कामठ्याकडच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, दारात सनई वाजवायचा आणि त्या सनईवर त्याला धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, मिळाली होती. पुढं बाबांनी लग्नं धरली. बाबांची सनई, मोठ्या भावाचा सूर, चुलतभाऊ सोमाची टिमकी, आणि मी बाबांच्या हाताखाली सनई शिकत होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सनई एकटी वाजत नाही. तिच्या बाजूला दुसरा माणूस तशीच एक नळी घेऊन एकच सूर धरून बसतो. गाल फुगवून वारा साठवायचा, नाकानं श्वास घ्यायचा, पण तोंडातला सूर तुटू द्यायचा नाही. बघणाऱ्याला वाटतं हा काहीच करत नाही. तो थांबला की मग कळतं.

सनईच्या आणि सुराच्या तोंडाशी गवताची जोडपत्ती बसवतात. ती फुंकरीनं थरथरते तेव्हा आवाज निघतो. पत्ती खराब असेल तर वाजवणारा कितीही मोठा असो, त्याची सनई बदकासारखी ओरडते. आमच्या घरच्या पत्त्या आत्या करायची. म्हणून पंचक्रोशीत तिचं नाव पत्तीआत्या. खरं नाव तिलाही कोणी विचारत नव्हतं.

ती बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती माहेरी आली. तेव्हा आज्याची नजर मंद झाली होती, पत्ती कापताना बोटं कापली जात. आत्यानं त्याच्या हातून चाकू काढून घेतला, तो मरेपर्यंत परत दिला नाही. पाऊस सरला की ती चोरखमाऱ्याच्या तळ्याकडं जायची, गवत स्वतः निवडून आणायची. दुसऱ्यानं आणलेलं चालत नसे. त्याची जुडी बांधून चुलीवर धुरात टांगायची. धूर खाल्ल्याशिवाय पत्तीला समज येत नाही, असं तिचं म्हणणं. मग कापायची, घासायची, दोऱ्यानं बांधायची आणि शेवटी ओठात भिजवून फुंकून पाहायची. नुसत्या पत्तीवर ती इतका लांब सूर धरायची की शेजारच्या म्हशी माना वळवून पाहायच्या. आम्ही हसायचो. तिचा दम केवढा आहे हे डोळ्यांसमोर होतं, पण आमच्या कोणाच्या डोक्यात शिरलं नाही.

कोणाचं तोंड कसं आहे ते तिला पाठ होतं. बाबांची पत्ती जाड, माझी पातळ. सोमा टिमकीवाला, त्याला पत्तीचं काय काम, तरी त्याला म्हणायची, "तुले पत्ती देली असती तर तू खाऊन टाकली असती." लग्नाला निघताना पत्त्या तिच्या हातून घ्यायच्या हा घरचा नियम. रात्री दारू पिऊन आलेल्याला ती पत्ती देत नसे. बाबा एकदा असेच उभे राहिले, हात पुढं करून. आत्या त्यांच्याकडं न पाहता तांदूळ निवडत राहिली. बाबा विहिरीवर नाही, तळ्यावर जाऊन अंघोळ करून आले तेव्हा कुठं मिळाली.

पत्ती द्यायची ती दारात. त्या वेळी दाराच्या पुढं ती कधी आली नाही. लग्नघरी विधवेनं जायचं नाही, मांडवात तर नाहीच. आम्ही गावोगावी वाजवत हिंडायचो आणि ती घरी बसून आमच्या येण्याची वाट बघायची. आलो की पहिला प्रश्न जेवणाचा नाही, "बोलली काय?"

मग गोंदियात बँड आला. रेल्वे आधीच आली होती, धानाच्या गिरण्या झाल्या, शेठलोकांना वराती दणक्यात पाहिजेत. लाल कोट, पितळेची वाजंत्री. त्यांना फुंकणारी माणसं हवी होती आणि मोठ्या भावासारखा दम कुठं मिळणार. तो गेला. जाताना बाबांशी भांडला. तो जे बोलला ते मला अजून आठवतं. "आयुष्यभर एकच सूर धरून बसू काय मी? तुमची सनई गाते, माझं तोंड नुसतं भरून राहते. मलेही गाणं वाजवा वाटते." बाबा म्हणाले, जा, पण परत येऊ नको. हट्टी घर आहे आमचं. मीही तसाच आहे, मला त्याची लाज नाही.

महिनाभरानं भाऊ चोरून आत्याला भेटायला आला, बाबा बाजाराला गेलेले पाहून. हातात काळी लांब पिपाणी. क्लारनेट म्हणतात तिला. तिची पत्ती चिरली होती, नवी मिळत नव्हती. आत्यानं ती पिपाणी उलटीपालटी केली, तोंडाशी बोट फिरवलं आणि थांबली.

"एकच पत्ती हाय काय रे हिले?"

"एकच हाय."

"जोड नाही?"

"नाही आत्या. एकटीच वाजते."

आत्यानं पिपाणी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "माझ्यासारखी हाय म्हण की." आणि चाकू घेऊन बसली. पहिली पत्ती बोलली नाही, दुसरी थोडी बोलली, तिसरीवर भावानं वाजवलं तेव्हा ती मान हलवून म्हणाली, "बाई एकटी हाय, पण गळा चांगला हाय." बाबांना हे कळलं तेव्हा ते तिच्याशी बोलले नाहीत. तीही बोलली नाही. दोघांच्या मधून निरोप मीच नेत होतो, चूल एकच असताना.

भाऊ गेल्यावर घर सुराविना राहिलं. त्यातच बाबांना दमा लागला. सनई आता माझ्याकडं, पण सूर धरायला माणूस नाही. सोमाला शिकवून पाहिलं, त्याला शिंक यायची. बाहेरचा माणूस आणावा तर दुसरे वाजंत्री आमच्या घराला कायले मदत करतील, ते तर वाटच बघत होते. सनई सुराविना कोणी बोलावत नाही. एक लग्न हुकलं, दुसरं हुकलं. बाबा म्हणाले, झालं आता, सनई खुंटीला टांगा, बांधीत राबा.

त्याच दिवसांत शेजारच्या जनाबाईच्या नातीचं लग्न ठरलं. जनाबाई सुपारी घेऊन आली. आमच्यात सुपारी घेतली की शब्द दिला. बाबा आत झोपले होते, मी बांधीत होतो. सुपारी आत्यानं घेतली. संध्याकाळी बाबांना कळलं तेव्हा ते खोकत खोकत उठून बसले. म्हणाले, सूर नाही घरात, सुपारी परत कर.

"परत करत नसतात सुपारी," आत्या म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती त्यांच्याशी बोलत होती.

"मग सूर कोण धरन? तू?"

बाबा टोमणा मारून बोलले होते. आत्या म्हणाली, "हो. मी."

कोणी हसलं नाही. बाबांनी मान खाली घातली. मी म्हणालो, आत्या, मांडवात तुला येऊ देणार नाहीत. ती म्हणाली, "मांडवात कोण येऊन राहिलं? कुडामागं बसतो मी. लग्नाले सूर पाहिजे, माझं तोंड नाही पाहिजे." मला विश्वास नव्हता. घराची अब्रू जायची वेळ आली असं वाटत होतं. या लग्नात फजिती झाली असती तर मुर्रीत काय, अख्ख्या पंचक्रोशीत आमची सनई पुन्हा कोणी दारात उभी केली नसती.

लग्न गोरज मुहूर्ताचं. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव. मी कुडाला पाठ लावून बसलो, बाजूला सोमा. कुडाच्या पलीकडं, जनाबाईच्या धानाच्या कोठीजवळ, आत्या. वरात कामठ्याची. नवरदेव मांडवाच्या दाराशी आला आणि मी सनई तोंडाला लावली. पाठीमागून सूर आला. खोटं सांगत नाही, मोठा भाऊ चांगला सूर धरायचा, पण हा सूर वेगळा होता. त्याला कुठं जोड नव्हता, श्वास कुठं घेतला ते कळत नव्हतं. जमिनीतून पाणी वर यावं तसा तो येत होता. मी त्याच्यावर पाय टाकून चालावं तसा वाजवत गेलो. आयुष्यात मी तेवढं चांगलं पुन्हा वाजवलं नाही.

माणसं इकडंतिकडं पाहायला लागली, सूर कुठून येतो म्हणून. नवरदेवाचा मामा पाणी प्यायला कुडामागं गेला आणि तिथं त्याला पांढऱ्या पातळातली आत्या दिसली. तो तसाच मांडवात आला आणि मोठ्यानं म्हणाला, "बंद करा हा बाजा. लग्नाच्या घरी रांडव बाई फुंकून राहिली. आमच्या पोराचं वाईट करता काय?"

मी थांबलो. आत्याचा सूर तेवढा थोडा वेळ एकटाच चालू राहिला. मग तोही थांबला आणि ती सुराची नळी हातात घेऊन कुडामागून बाहेर आली. मांडवात पाय ठेवला नाही. बाहेरच उभी राहिली. मामाला विचारलं, त्याच्या लग्नात सनई कोणाची होती.

"तुमच्याच घरची होती. तुझा भाऊ होता," मामा म्हणाला. "तू नव्हती."

आत्यानं माझ्याकडं हात केला. मी सनई दिली. तिनं तोंडाची पत्ती काढून दोन बोटांत धरली.

"हे पाह्य. माझ्या ओठात भिजल्याबिगर एक पत्ती आमच्या घराबाहेर गेली नाही. तुझ्या लग्नात माझीच थुंकी वाजली, तुझ्या भावाच्या लग्नात माझीच वाजली. इथं बसले त्यातल्या किती जणांच्या लग्नात वाजली ते त्यायलेच पूस. तेव्हा कोणाचं वाईट झालं? तुले लेकरं झाली नाही काय?"

"घरभर झाली," सोमा खालच्या आवाजात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. बायकांच्या बाजूला हसू फुटलं. तेवढ्यात जनाबाई पुढं आली. आजारी, वाकलेली म्हातारी, पण नातीचं लग्न तिचं होतं. मामाला वळसा घालून ती बाहेर गेली. आत्याला म्हणाली, "बाई, मुहूर्त जाऊन राहिला. धर सूर."

आत्यानं पत्ती पुन्हा ओठात भिजवली, सनईला बसवली, मला दिली आणि कुडामागं गेली. तिला कोणी मांडवात बस म्हटलं नाही, तिलाही बसायचं नव्हतं. अक्षता पडल्या तेव्हा सूर तिचाच होता.

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचली. मोठा भाऊ भरदुपारी चालत घरी आला, लाल कोट खांद्यावर टाकून. बाबा दारातच होते. आत ये म्हणाले नाहीत, नको येऊही म्हणाले नाहीत. आत्या आतून म्हणाली, "का बे, बँडले सुट्टी हाय काय?" भावानं कोट खाली ठेवला. खुंटीवरची सुराची नळी काढली, पत्ती पाहिली आणि म्हणाला, "तुझे दात पडून राहिले आत्या. आता सूर मी धरतो." त्यानंतर बँड नसला की तो आमच्यात सूर धरायचा. गाणं गोंदियात, सूर मुर्रीत. बाबा वारले तोवर त्यांचं आणि भावाचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं.

आत्या त्यानंतर पुन्हा कधी लग्नाला आली नाही. मी पुष्कळदा म्हटलं. ती म्हणायची, माझं काम झालं, कायले उगाच दात काढायले बसू मांडवात. पत्त्या मात्र करत राहिली. शेवटी नजर गेली, तरी बोटांनी आणि ओठांनी करायची. त्या पत्त्याही बोलायच्या.

इंग्रज जायच्या आधीच्या हिवाळ्यात ती गेली. मेलेल्या माणसाच्या तोंडात तुळशीचं पान ठेवतात. पान ठेवलं, तेव्हा मोठ्या भावानं खिशात हात घातला. त्याच्या खिशात क्लारनेटची एक पत्ती होती आणि सनईची एक. एकेरी पत्ती त्यानं परत खिशात टाकली आणि जोडपत्ती तुळशीच्या पानाखाली ठेवली. कोणीतरी विचारलं हे काय. भाऊ म्हणाला, "तिची हाय."

घरापासून नदीपर्यंत आम्ही दोघं वाजवत गेलो. सनई आणली नव्हती. दोघांच्याही हातात सूर होता. गाणं नाही, तान नाही, नुसता तो एक सूर.

घरी आलो तर चुलीवर जुडी टांगलेली होती. तिनं ओठात भिजवून, पारखून, बांधून ठेवलेल्या पत्त्या. आम्ही त्या पुरवून पुरवून वापरल्या. पुढच्या साली गोंदियात झेंडा चढला तेव्हा मी सनई वाजवली, तीही तिच्याच पत्तीवर. आणि ती जुडी सरेपर्यंत पंचक्रोशीतली सगळी लग्नं, त्या मामाच्या पोरींचीसुद्धा, पत्तीआत्याच्या थुंकीवरच लागली.