देवाच्या आंघोळीचा अर्ज

रहाटणीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे सोपानराव मूळचे लातूरचे, चाकणच्या एका कारखान्यात वेल्डर. धरणांचे पोलादी दरवाजे जोडण्यात हयात गेली, पण धरणावर बसलेला दरवाजा त्यांनी एकही पाहिला नव्हता. मला हिमाचलातलं राष्ट्रीय उद्यान पाहायचं होतं, आणि त्यांच्या हातचा एक दरवाजा त्याच सैंज खोऱ्यात गेला होता. "शास्त्रीबुवा, जोडीनं जाऊ राव," ते म्हणाले. गेलो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. चंदीगडपर्यंत रेल्वे, तिथून मनालीची बस, औटला उतरायचं, पुढे सैंजची लोकल बस. रस्ता अरुंद. समोरून सिमेंटचा ट्रक आला की नमतं बसनेच घ्यायचं. घरगुती मुक्काम माणशी हजार रुपये, त्यात सिड्डू, म्हणजे सारण भरून वाफवलेला कणकेचा गोळा, आणि वर तूप. सोपानरावांनी चार खाऊन 'भाकरीची सर नाही' असा निकाल दिला.

उद्यान देखणं आहे. फाटकावर पाटी आहे, पान तोडू नये. ठीक. फाटकाच्या खाली मात्र धरणाच्या वीज प्रकल्पाने अख्खी नदी उचलून बोगद्यात घातली आहे. पात्रात गोटे. निर्जळी एकादशी माणसांनी करायची असते. इथे ती नदीला लावली आहे, तीही बारमाही.

आमचे यजमान दिलेराम गावच्या देवाचे कारभारी. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला देवाच्या आंघोळीसाठी पालखी नदीवर न्यायची होती.

"पाणी?" मी विचारलं.

"धरणाच्या ऑफिसात अर्ज दिलाय. साडेदहाला सोडतो म्हणाले. त्याआधी साहेब येत नाहीत."

सोपानराव चमकले. "साहेब कशाला पाहिजे? बटण दाबलं की दरवाजा उठतोय. कारखान्यात टेस्टिंगला मीच दाबलंय."

देव सूर्योदयाला गोट्यांवर येऊन बसला. ढोल थकले, बायका उन्हात बसून राहिल्या. साडेदहाला भोंगा वाजला आणि पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला, "पाणी सुटतंय, पात्र खाली करा." ज्याच्यासाठी पाणी सोडलं, त्यालाच काठावर हाकललं. देवाने आपली नदी वाहताना लांबून पाहिली. दरवाजा पुन्हा बंद झाला, लोकांना खाली सोडलं, तेव्हा गोट्यांत डबकी उरली होती. दिलेरामांनी त्यांतल्या त्यांत स्वच्छ डबकं निवडून कलश भरला.

"पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"अर्ज," ते म्हणाले.

जन्मभर संस्कृत शिकवलं, पण संतापाने मला मराठीही सुचेना, मग संस्कृत दूरच. सोपानराव तोवर वर आपल्या हातच्या दरवाजाकडे बघत उभे होते. फोटो काढू का म्हटलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

घरी येऊन महिना झाला. देवदारांचे फोटो फोनमध्ये आहेत, कुणी मागितले तर दाखवतो. गेल्या आठवड्यात चाकणहून नवा दरवाजा रवाना झाला. ट्रक निघताना नारळ फोडायचा मान सर्वांत जुन्या वेल्डरचा. सुपरवायझरने नारळ पुढे केला, तर सोपानराव मागे सरकले.

"का भाऊ, तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय झालंय," ते म्हणाले. "नारळ दुसऱ्याला द्या."