एकतिसावा फोटो

कवळीवाल्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायला कुणी थांबत नाही. गल्लीत सगळे त्यांना कवळीवालेच म्हणतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा साचा पाठवतात आणि कवळीवाले मागच्या खोलीत बसून त्यावरून नवे दात करून देतात. तीस वर्षं हेच काम. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, यांचं भरलं. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू यांच्या टेबलावर तयार झालेलं. रस्त्यात कुणी हसून बोलायला आलं की कवळीवाले आधी त्याच्या तोंडात बघतात आणि मग ओळख देतात.

अशा माणसाला आकाशाचं वेड लागलं ते चाळिशी उलटल्यावर. एका डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना अडगळीतली दुर्बीण यांच्या गळ्यात मारली. आठवडाभर चंद्र बघून झाला आणि मग त्यांना कळलं, की डोळ्याला जिथे काळोखाशिवाय काही दिसत नाही तिथे कॅमेऱ्याला तेजोमेघ दिसतात, तांबड्या धुराचे हे एवढाले लोट, आणि त्यांच्याही पलीकडे अख्ख्या दीर्घिका. झालं. माणूस कामातून गेला. परसातल्या ज्या कोपऱ्यातून समोरच्या इमारती आड येत नाहीत तो कोपरा त्यांनी शोधून काढला, तिथे शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटून सिमेंटचा चौथरा घातला आणि त्यावर दुर्बीण बसवली. बायकोने आधी डोक्याला हात लावला, नंतर हात टेकले.

या कामाची रीत अशी. एक फोटो म्हणजे एक फोटो नव्हे. पाच-पाच मिनिटांचे पन्नास-साठ फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकमेकांवर रचायचे. सगळ्यांत जे आहे ते ठळक होतं, एखाद्यातच आलेलं विमान किंवा काजवा गाळला जातो. पाच मिनिटांत जरा जरी धक्का बसला तरी ताऱ्यांना शेपट्या फुटतात आणि तो फोटो बाद. म्हणून फोटो चालू असताना परसात पाऊल टाकायचं नाही, हा घरातला कायदा. दुर्बीण एका ताऱ्यावर नजर ठेवून असते आणि तो किती हलला याची रेघ आतल्या खोलीत लॅपटॉपवर उमटत राहते, सेकंदासेकंदाच्या हिशोबाने. कवळीवाले ती रेघ बघत बसायचे. रेघ सरळ असली की त्यांच्यासारखा सुखी माणूस नाही.

भिंतीपलीकडे मास्तर आणि काकू राहायचे. मास्तरांनी जन्मभर गणित शिकवलं, आणि म्हातारपणी त्यांना कालचा दिवसही आठवेनासा झाला. रोज संध्याकाळी ते भिंतीवरून मान काढून विचारायचे, की आज किती लांबचं काढणार? कवळीवाले सांगायचे, पाच हजार वर्षांपूर्वी निघालेला उजेड आज पोचतोय. मास्तर म्हणायचे, अरे वा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच कौतुकाने तेच विचारायचे. कवळीवाल्यांना त्याचा कधी कंटाळा आला नाही. इतकं मन लावून त्यांचं कुणी ऐकतच नव्हतं.

मास्तरांना रात्री उठून परसात जायची सवय होती. नळ बंद आहे ना, एवढंच बघायला. मागच्या दाराशी तीन पायऱ्या, म्हणून काकू तिथला दिवा रात्रभर चालू ठेवायच्या. तो दिवा कवळीवाल्यांच्या डोळ्यांत सलायचा. उजेड भिंत ओलांडून थेट दुर्बिणीत यायचा. वर्षभर त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. पण त्या खेपेला तेजोमेघ मावळतीला चालला होता, आभाळ कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं आणि त्यांना अजून चार तासांचे फोटो हवे होते. शेवटी भीड सोडून त्यांनी काकूंना विचारलं, एकच रात्र दिवा बंद ठेवाल का? काकू म्हणाल्या, ठेवते की, त्यात काय.

पहाटे साडेपाचला काकूंना मास्तर पायऱ्यांखाली सापडले. मधल्या भिंतीला टेकून, अंग गार पडलेलं.

कवळीवाले धावत गेले ते काकूंच्या दारातच अडले. पण काकूंनीच त्यांना सावरलं. म्हणाल्या, त्या दिव्याचा काडीचाही संबंध नाही, डॉक्टर म्हणाले पाचच्या सुमाराला गेले, तेव्हा फटफटायला लागलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच सांगत होत्या. कवळीवाल्यांनी त्या पाचच्या आकड्याला बुडत्याने काडीला धरावं तसं घट्ट धरलं. तरी त्या रात्रीचे फोटो उघडायचा त्यांना वीस दिवस धीर झाला नाही. मग एकदा काकूंनीच विचारलं, तो फोटो कसा आला हो? मास्तरांच्या आठवणीसाठी तरी पुरा करावा म्हणून एका दुपारी ते बसले.

अकरापासून तीनपर्यंत अठ्ठेचाळीस फोटो. सत्तेचाळीस निवडले गेले, एक बाद झाला. एकतिसावा. त्यातल्या प्रत्येक ताऱ्याला एकाच बाजूला शेपूट होती. कवळीवाल्यांना एकदम आठवलं, रात्री रेघ उसळली होती खरी. मांजराने उडी मारली असेल म्हणून त्यांनी मांजराला एक शिवी दिली होती. उठून बघावं असंही क्षणभर वाटलं होतं. पण परसात पाऊल टाकलं असतं तर पुढचा फोटो बिघडला असता. ते बसून राहिले आणि पाच मिनिटांत खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. आता त्यांनी रेघेची नोंद काढली. एक वाजून बत्तीस मिनिटं आठ सेकंद.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण हे पडले दातांवरचा केसाएवढा ओरखडा शोधणारे. त्यांनी रेघ मोठी करून पुढे पाहिली. एक चाळीसला तीन बारीक उसळ्या, लागोपाठ. मग शांत. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तीन. दारावर ठोठावतात तशा. दोन वाजून दहा मिनिटांनी त्या थांबल्या. फोटो बाद व्हावा इतक्या काही त्या मोठ्या नव्हत्या, म्हणून ते सगळे फोटो निवडले गेले होते आणि समोर पुऱ्या झालेल्या चित्रात रचलेही गेले होते. कवळीवाल्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुंदर चित्र होतं. त्यांनी लॅपटॉप मिटला.

तेव्हापासून त्यांना घर खायला उठलं. कामाच्या खोलीत फळीवर सगळ्यांचे जुने साचे ओळीने ठेवलेले, त्यांत मास्तरांचाही होता, वरचा जबडा आणि खालचा. कवळीवाल्यांनी तो भिंतीकडे वळवून ठेवला. दुसऱ्या दिवशी वाटलं, म्हाताऱ्याचं तोंड असं भिंतीकडे नको, म्हणून परत फिरवला. आठवड्यात चार वेळा त्यांनी तो असा फिरवला. भर दुपारी टेबलावर काम करताना त्यांना भिंतीतून ठोके ऐकू यायचे. ते हत्यार खाली ठेवून कान लावायचे, तर काही नसायचं. पुन्हा कामाला लागले की पुन्हा यायचे. एका बाईंची कवळी त्यांनी चुकीच्या मापाची करून पाठवली, तीस वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. कवळीवाले म्हणाले, काकूंना सांगायला हवं, त्या मला माफ करत बसल्यात आणि मी मूग गिळून ऐकतोय, हे पाप आहे.

"सांगून काय होणार?" बायको म्हणाली. "त्यांची झोप जाईल आणि तुमची येणार नाही."

तिचं खोटं नव्हतं. पण ठोके थांबेनात. सांगितलं तर काकूंच्या हातातला तो पाचचा आकडा जाणार, नाही सांगितलं तर आपलं डोकं फिरणार, या कात्रीत आणखी चार दिवस काढून कवळीवाले एका दुपारी काकूंच्या दारात उभे राहिले. सगळं सांगायचं, अगदी ठोक्यांसकट, असं ठरवूनच गेले होते.

काकू डाळ निवडत बसल्या होत्या. कवळीवाल्यांनी खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, की मास्तर पाचला गेले नाहीत, एक बत्तीसला पडले, माझ्या यंत्रात नोंद आहे, दिवा असता तर पडले नसते.

काकूंनी ताट बाजूला ठेवलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. त्यांना नवल वाटलेलंही दिसलं नाही.

"आवाज मीसुद्धा ऐकला," त्या म्हणाल्या. "उठले. बटणापर्यंत गेले. बटणावर बोट ठेवलं होतं मी. मग म्हटलं, दिवा लागला तर तुमचा फोटो बिघडेल. मांजर असेल म्हटलं आणि जाऊन झोपले. शेजारच्या अंथरुणावर हातसुद्धा फिरवून बघितला नाही."

कवळीवाले ओढलेल्या खुर्चीत बसले.

"डॉक्टरांना वेळ सांगता येत नव्हती. त्यांनी विचारलं, हे रोज किती वाजता उठतात. मीच पाच सांगितलं." काकू स्वतःच्या बोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. "तुमच्या यंत्राला सगळं कळतं ना? मग एक सांगा. त्यानंतर काही हललं का?"

म्हणजे गेला महिनाभर ही बाई या एकाच प्रश्नापाशी अडकली होती. पडल्या पडल्या गेले, की पडून राहिले. बटणावरचं बोट काढून आपण झोपलो तेव्हा माणूस जिवंत होता की नव्हता. कवळीवाल्यांना ते स्वच्छ दिसलं. ओझं उतरवायला आलेल्या माणसाला ते कुठे उतरवायचं तेही कळलं आणि तिथे ते उतरवता येणार नाही हेही कळलं.

"नाही," ते म्हणाले. "नंतरची रेघ सरळ आहे. एकही तारा हलला नाही."

"नीट बघितलंत?"

"तीनपर्यंत बघितलं, काकू. सेकंद न् सेकंद."

काकूंनी डोळे मिटले. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "मग त्यांनी मला बोलावलं नाही."

"नाही. कुणालाच नाही."

काकू गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, चहा टाकते म्हणाल्या आणि आत गेल्या. कवळीवाले मागच्या दाराकडे पाठ करून बसून राहिले. चहा आला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला, आणि काकू समोर बसून बघत होत्या म्हणून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.