पुढच्या चाकाखालचं लिंबू

मी हॉस्पिटलातले वजनकाटे दुरुस्त करतो. त्यामुळे वजन या विषयावर घरात माझा शब्द अखेरचा असतो. (निदान त्या सकाळपर्यंत होता.)

हिवाळा आला की अख्खं कुवेत वाळवंटात जाऊन तंबू ठोकतं. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी महबूल्यातल्या आमच्या खिडकीतून त्या लादलेल्या गाड्या पाहिल्या आणि हट्टच धरला. "जावईबापू, परवा माझं विमान. त्याआधी एक रात्र वाळूत झोपायचंय मला!"

"तंबूत कशाला? चाकांवरच्या घरात झोपवतो!" मी छाती फुगवून म्हणालो.

शेजारच्या हमीदभाईंनी, म्हणजे आमच्या दापोलीकरांनी, आपला पिकअप आणि त्यामागे जोडायचा कॅम्पर दोन्ही दिलं. "तीन टन खेचते हां गाडी, घाबरू नका!"

कॅम्पर दोन टनांचा. मी उभ्या उभ्या हिशेब केला. एक टन शिल्लक! "भरा बिनधास्त!"

सासूबाईंना तेवढंच हवं होतं. चुलीची लाकडं, पाण्याचे कॅन, गाद्या, कांद्याचं पोतं आणि विमानतळावर भांडून आणलेला पाटा-वरवंटा! एका रात्रीसाठी! पिकअपचा हौदा शिगोशीग भरला. गाडी माझी बायको माधुरी चालवणार होती, कारण माझं इथलं लायसन्स अजून व्हायचंय. मी ऐसपैस मागच्या सीटवर.

निघताना सासूबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी हलली. मागची लिंबं भुईसपाट! पुढचं मात्र अख्खंच्या अख्खं घरंगळत बाहेर आलं.

"अगं बाई, अपशकुन! मी नाही बसायची!"

"लिंबूच कडक असेल हो," मी खिडकीतून म्हणालो.

माधुरी खाली उतरली. गाडीचं नाक आभाळाकडे, बूड जमिनीकडे. तिने ड्रायव्हरच्या दाराजवळचं स्टिकर वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, इथे लिहिलंय, माणसं आणि सामान मिळून सहाशे किलो! कॅम्परचा दांडा टेकतो तो भारही त्यातच. तीन टन ओढायचे आहेत, वाहायचे नाहीत!"

"एवढंही कळेना?" सासूबाई म्हणाल्या. "बैल गाडी ओढतो म्हणून ती कुणी त्याच्या पाठीवर ठेवतं का?"

लाकडं उतरली. कॅन उतरले. पोतं उतरलं. नाक वरच!

"पाटा ठेवूया घरी?" मी सुचवलं.

"आणि ठेचा काय तुमच्या डोक्यावर वाटू?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला मुळीच आवडलं नाही.

"अहो, जरा उतरून बघता का?"

उतरलो. गाडीने सुस्कारा टाकला आणि नाक खाली आलं! पुढच्या चाकाखाली ठेवलेलं नवं लिंबू पचकन फुटलं. सासूबाई हसत गाडीत चढल्या आणि दोघी निघूनही गेल्या.

मागाहून हमीदभाईंनी मला त्यांच्या छोट्या गाडीतून पोचवलं, मांडीवर कांद्याचं पोतं देऊन. ठेचा मात्र फक्कड झाला होता. सासूबाई चांदण्यांखाली अशा घोरल्या की मला माझा अपमान विसरून बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. साताऱ्याला पोचल्यावर त्यांनी पहिला फोन बहिणीला केला. "लिंबात काही खोट नव्हती गं. पाटा ठेवला, जावई उतरवला, लगेच फुटलं!"