कंसातला कोंडीबा

दादासो खाडे नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या बायकोलाही धड सांगता यायचं नाही. शेजारणीनं विचारलं की सुलाबाई म्हणायच्या, "मशीनला शिकवत्यात." आणि ते काही चूक नव्हतं.

लोखंड कापणारं सीएनसी मशीन संगणकाच्या हुकुमावर चालतं, स्वतःच्या डोक्यानं काही करत नाही. कुठं जायचं, किती खोल कापायचं, कधी थांबायचं, सगळं त्याला अक्षरं-आकड्यांत लिहून द्यावं लागतं. त्यातही एका कंट्रोलला, म्हणजे मशीनच्या संगणकाला, जे कळतं ते दुसऱ्याला कळेलच असं नाही. जपानी कंट्रोलचा प्रोग्रॅम जर्मन कंट्रोलवर घाला, ते एकतर मख्खासारखं बसून राहील, नाहीतर भलतंच काहीतरी करील. असं झालं की साताऱ्याला दादासोंकडं बोलावणं जायचं. मग ते ओळ न् ओळ बदलून द्यायचे. अठ्ठावीस वर्षं हेच. साताऱ्याजवळ कोडोलीत दोन खोल्यांचं घर आणि आठवड्यातून दोनदा एसटीनं कराड, इस्लामपूर, आष्टा, सांगली, आणि पुढं माधवनगर. तेवढ्या वर्षांत रस्ते रुंद झाले, गाड्या बदलल्या, दादासोंची कंबर मात्र तीच राहिली. चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढायचा. झोपेतसुद्धा हुकुमांची अक्षरं, जी आणि एम, दिसायची.

"आता बास," ते सुलाबाईंना म्हणायचे. "गावाकडं वडूजला जाऊन ऱ्हायचं. कुठल्या मशीनचं त्वांड बघायचं न्हाई."

"दरसाली म्हणताय," सुलाबाई म्हणायच्या आणि डबा भरायला घ्यायच्या.

बास होत नव्हतं त्याचं कारण एकच होतं, आणि ते त्यांनी सुलाबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. ते कारण माधवनगरच्या मगदुमांच्या शॉपमध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या कारखान्यात, हातात झाडू घेऊन बिडाच्या लोखंडाचा भुगा गोळा करत असायचं. त्याचं नाव कोंडीबा.

गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. शॉपचे थोरले मालक आदगोंडा मगदूम, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे, त्यांनी एक वापरलेलं मशीन विकत आणलं. पंपाच्या झाकणाचा प्रोग्रॅम आधीच्या मशीनवरून त्याच्यावर उतरवायचं काम दादासोंकडं आलं. झाकण चार क्लॅम्पनी, म्हणजे पकडींनी, धरलेलं असायचं. अर्धं काम झालं की मशीन थांबायचं, ऑपरेटर पाना घेऊन क्लॅम्प सरकवायचा आणि पुन्हा हिरवं बटण दाबायचा. आता थांबण्याचे हुकूम दोन. एम शून्य म्हणजे थांबच. एम एक म्हणजे पॅनेलवरचं एक बटण चालू असेल तरच थांब, नाहीतर जा पुढं. आधीच्या मशीनचं ते बटण चालू स्थितीतच अडकून बसलेलं होतं, कैक वर्षं. त्यामुळं तिथं दोन्ही हुकूम सारखेच. असलं काही बटण असतं हेच सगळे विसरून गेलेले. दादासोही विसरले. त्यांनी एम एक आहे तसा उतरवला. नव्या मशीनचं बटण बंद होतं.

टूल, म्हणजे कापायचं हत्यार, वर गेलं, झाकण धरलेलं टेबल पुढं आलं. टूल बदलताना तीन-चार सेकंद सगळं शांत असतं, तसं शांत झालं. कोंडीबा तेव्हा ऑपरेटर होता. मशीन थांबलं असं समजून, रोजच्या सवयीनं त्यानं पाना घेऊन हात आत घातला. दाराचा सेन्सर वायर जोडून गप्प केलेला, वेळ वाचावा म्हणून. त्यामुळं दार उघडलं तरी मशीन चालूच राहिलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

नंतर आण्णांनी प्रोग्रॅम तपासायला लावला. त्यात चूक नव्हती. खरंच नव्हती, हीच तर खोड! हुकूम बरोबर होता, बटण बंद होतं. "ऑपरेटरने बटण तपासले नाही," असं रजिस्टरला चढलं. दादासो तिथं शेजारीच उभे होते. आवं, बटणाचं मीच सांगायचं इसरलो, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलायचं सोडून ते रजिस्टरकडं बघत राहिले. भित्रा माणूस, दुसरं काय म्हणायचं?

आण्णांनी कोंडीबाला कामावरून काढलं नाही, हातात झाडू दिला. दादासोंनी पुढच्या दोन महिन्यांत शॉपमधला एकूण एक एम एक काढून तिथं एम शून्य घातला. आणि प्रत्येकाच्या शेजारी कंसात इंग्रजी सात अक्षरं लिहिली, कोंडीबा. कंसात जे लिहिलेलं असतं ते मशीन करत नाही, नुसतं पडद्यावर दाखवतं. ते माणसांसाठी असतं. कुणी विचारलं तर दादासो म्हणायचे, "माझी खूण हाय." कोंडीबाला इंग्रजी वाचता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तोंडावर माफी मागायची छाती नव्हती, म्हणून ही अशी चोरून मागितलेली. एकदा कोंडीबाला सगळं सांगून टाकायचं आणि मगच हे काम सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. अठरा वर्षं नुसतं ठरवतच होते.

आण्णा वारले. शॉप त्यांच्या मुलाकडं, श्रेयसकडं आलं. श्रेयस शिकलेला, हुशार, आणि कायम घाईत. यंदा त्यानं कोरं करकरीत मशीन घेतलं, जर्मन कंट्रोलचं. जुने दोनशे बारा प्रोग्रॅम त्याच्यावर आणायचे होते. दादासोंनी मनात हिशेब केला, तीन महिने तरी. त्या विचारानंच त्यांचे खांदे दुखायला लागले.

गुरुवारी ते शॉपवर पोचले तर श्रेयस म्हणाला, "काका, झालंय सगळं. नवीन सॉफ्टवेअर घेतलं. एका दुपारीत दोनशे बारा. बिनकामाचे थांबे पण काढून टाकलेत, सायकल टाइम वाचतो, नग लवकर सुटतो. गिऱ्हाइकाची माणसं आज येणार आहेत, त्यांना कागदावर तपासणाऱ्याची सही लागते. तुम्ही नुसती नजर टाका."

शेवटची दोन-तीन वाक्यं दादासोंनी ऐकली, पण मनापर्यंत गेली नाहीत. एका दुपारीत! त्यांचं डोकं तिथंच अडकलं होतं. त्यांनी दहा प्रोग्रॅम उघडून बघितले. चांगले होते. त्यांनी स्वतः केले असते त्यापेक्षा नीटनेटके होते. वाईट वाटायला हवं होतं, पण आला तो नुसता थकवा, पायापासून डोक्यापर्यंत. बारा वाजता सांगलीहून गाडी होती. त्यांनी यादीच्या खाली सही ठोकली आणि पिशवी उचलली.

फाटकाशी कोंडीबा होता. "निघालास व्हय रं?"

"व्हय. आता बहुतेक येणं हुणार न्हाई."

"बरं केलंस गड्या. लय दमलास," कोंडीबा म्हणाला आणि तीन बोटांचा हात वर केला.

आता तरी सांगावं म्हणून दादासो एक पाऊल पुढं गेले. मग रिक्षा आली आणि ते बसले. म्हणजे शेवटच्या दिवशीही जमलं नाहीच. हद्द झाली माणसाची.

आष्टा सोडून गाडी इस्लामपूरकडं निघाली. मधे एका फाट्यावर कुणाला तरी उतरायचं होतं. कंडक्टरनं दोरी ओढली, एकदा टिंग झालं, गाडी थांबली. मग टिंगटिंग, गाडी निघाली. दादासो पेंगत होते, ते खाडकन जागे झाले. त्यांनी सकाळी दहा प्रोग्रॅम बघितले होते. दहाही प्रोग्रॅमांत एकही कंस नव्हता. आणि मग श्रेयसचं वाक्य आता, दोन तास उशिरा, मनात पोचलं. बिनकामाचे थांबे काढून टाकलेत.

त्यांनी श्रेयसला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. गिऱ्हाइकाची माणसं आली की तो फोन बंदच ठेवायचा. शॉपवरचा दुसरा नंबर कुणाचा लावावा? कोंडीबाचा नंबर त्यांच्याकडं नव्हता. अठरा वर्षांत घेतलाच नव्हता. नव्या मशीनवर सोनिया होती, आयटीआय झालेली, कोंडीबाच्या पोरीएवढी. ती आधी मशीन हवेत चालवून बघणार, म्हणजे जॉब, कापायचा तुकडा, न लावता. त्यात सगळं ठीकच दिसणार. हवेत क्लॅम्प कुठला सरकवायचा असतो? मग जॉब लावणार. टूल वर जाणार, टेबल पुढं येणार, शांत होणार.

इस्लामपूरच्या स्टँडवर ते उतरले आणि पलीकडं सुटायच्या बेतात असलेल्या सांगली गाडीत पळत जाऊन चढले. बसायला जागा नव्हती. सगळा रस्ता दांडीला धरून उभे होते आणि श्रेयसला फोन लावत होते.

शॉपमध्ये शिरले तेव्हा तीन वाजून गेले होते. नवं मशीन बंद पडलं होतं, वरचा लाल दिवा पेटलेला. मशीनचा टूल बदलणारा यांत्रिक हात अर्ध्यातच अडकून राहिलेला. गिऱ्हाइकाची दोन माणसं बाजूला फोन बघत उभी होती. सोनिया पाना छातीशी धरून भिंतीला टेकली होती. दादासोंनी आधी तिच्या हातांकडं बघितलं. दहाही बोटं होती.

श्रेयस कोंडीबावर कडाडत होता. "चालू मशीनचं लाल बटण दाबायचं तुम्हाला सांगितलं कुणी, मामा? आता उद्यापर्यंत हे असंच पडणार. आजच्या दिवशी!"

"माझं नाव आलं न्हाई," कोंडीबा म्हणाला.

"कसलं नाव?"

"टेबल म्होरं आलं की पडद्यावर माझं नाव येतंय आन् मशीन गप हुतंय. दर येळंला. आज टेबल आलं, नाव आलंच न्हाई. ही पोरगी पाना घिऊन वाकली. म्या दाबलं."

श्रेयसला काही कळेना. दादासो पुढं झाले. पिशवी अजून खांद्यालाच होती.

"श्रेयसदादा, त्याला बोलू नका. सही माझी हाय. दहा बघितले आन् दोनशे बारांवर सही केली. तुमी थांबे काढले म्हणालात, ते बी ऐकून सोडून दिलं." थांबले असते तर पुन्हा अठरा वर्षं गेली असती, म्हणून ते बोलतच राहिले. "आन् कोंडीबाची बोटं गेली, ती बी माझीच चूक हुती. बटणाचं मी कुणाला सांगितलंच न्हवतं. आण्णांनी त्याच्यावर लिवलं, मी गप उभा हुतो."

कोंडीबानं झाडू मशीनला टेकवून ठेवला.

"ठाव हाय मला," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"माझी सृष्टी ल्हान असताना डबा घिऊन आली हुती. तिनं पडदा वाचला. म्हणाली, आबा, ह्यात तुमचं नाव हाय. मग तिच्याकडनं ती अक्षरं शिकलो. चूक नसलेला माणूस दुसऱ्याचं नाव इतकी वर्सं कशापायी लिवंल?"

दादासोंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. "मग बोलला का न्हाईस रं?"

"तू बोलशील म्हणून थांबलो हुतो."

श्रेयसनं स्वतःच्या केबिनमधली खुर्ची ओढत आणून संगणकासमोर ठेवली. दादासोंनी घरी फोन केला. "आज येत न्हाई. उद्या बी न्हाई. दोनशे बारा हायत." सुलाबाई काहीतरी म्हणाल्या, त्यावर ते थकून हसले.

खुर्चीत बसून त्यांनी चष्मा पुसला आणि पंपाच्या झाकणाचा प्रोग्रॅम उघडला. टेबल पुढं येण्याच्या ओळीखाली एम शून्य घातला. शेजारी कंस केला आणि थांबून मागं बघितलं. "लिवू का नगं?"

"लिव की," कोंडीबा म्हणाला.

दादासोंनी सावकाश सात अक्षरं टाइप केली. कोंडीबा खाली वाकला आणि तीन बोटांतलं एक बोट पडद्यावर ठेवून एकेक अक्षर तपासत गेला.

"बराबर हाय," तो म्हणाला. "फुडचा घे."