डाव्या कुशीवरचे सोपानराव

निगडीहून पहिल्या शिफ्टची आमची बस साडेपाचला सुटते. तळवड्याच्या फाट्यावर सोपानराव चढतात, माझ्या शेजारी बसतात, "काय म्हनताय भीमराजभाऊ?" एवढं विचारतात आणि मी उत्तर द्यायच्या आत मान मागे टाकून घोरायला लागतात. हे उत्तर द्यायचं माझं सोळा वर्षं राहूनच गेलं आहे. त्यांचं घोरणं साधंसुधं नाही. चढावर ड्रायव्हरने गिअर बदलला तरी गाडीचा आवाज कळत नाही. मधेच ते एकदम बंद पडायचं, सगळी बस कान टवकारायची, आणि मग असा एक हिसका बसायचा की पुढच्या सीटवरचा माणूस दचकून मागे बघायचा. आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

सोपानराव तळवड्याचे मूळचे. गावठाणात तीन मजली घर, वरच्या खोल्यांत भाडेकरू, घरी खाऊनपिऊन सुखी. नोकरी केली नाही तरी चुलीवरचं भांडं उतरणार नाही. पण माणूस चोपन्न वर्षांचा झाला तरी रोज चाकणला येतो, कारण तिथे क्रेन आहे. आमच्या प्रेस शॉपमध्ये छताखालून रुळांवर चालणारी मोठी क्रेन आहे, शिडीने चढून वर केबिनमध्ये बसावं लागतं. तिच्यावर अठरा-अठरा टनांचे डाय उचलून प्रेसमध्ये बसवायचे. डाय म्हणजे गाडीचा पत्रा ज्यात दाबून आकार घेतो तो लोखंडी साचा. नवीन पोरं तो बसवतात तेव्हा धप्प आवाज होतो आणि खाली आम्ही दोन पावलं मागे सरकतो. सोपानराव बसवतात तेव्हा काहीच ऐकू येत नाही. बोट वर करून खाली उभा असलेला माणूस इशारा करायच्या आत डाय जागेवर गेलेला असतो. मी क्वालिटीत आहे, चुका शोधणं हा माझा धंदा, पण सोपानरावांच्या कामात मला आजवर एक सापडलेली नाही.

मागच्या फेब्रुवारीत जेवणानंतर खालून तीनदा भोंगा वाजवला तरी क्रेन हलेना. चार मिनिटं. एक जण शिडीने वर चढला तर सोपानराव केबिनमध्ये बसल्याबसल्या गाढ झोपलेले. हुकाला काहीही लटकत नव्हतं, कुणाला खरचटलंही नाही. सुपरवायझरने "होतं कधीकधी" म्हणून सोडून दिलं असतं. सोपानराव स्वतःच खाली उतरले आणि केबिनची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली.

"आज हुकाला काय न्हवतं, सायेब. उद्या आसंल," ते म्हणाले.

मला विचाराल तर या माणसाची सगळी ओळख त्या एका वाक्यात आहे.

कंपनीच्या डॉक्टर मंजुषा मॅडमनी त्यांची झोपेची तपासणी करवली. निघालं ते असं: झोपेत तासाला अडतीस वेळा त्यांचा श्वास थांबत होता. त्यामुळे झोप म्हणून नुसती नावाला, आणि दिवसभर डोळ्यांवर गुंगी. उताणं झोपलं की जीभ आणि घशाचा मऊ भाग मागे पडून वाट बंद होते, कुशीवर झोपलं की बरीच मोकळी राहते. मॅडमनी नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं मशीन दिलं. श्वास तासाला किती वेळा थांबला याचं रोजचं रेकॉर्ड ते मशीन आपल्या कार्डात ठेवतं. मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मशीन लावूनही उताणे झोपलात तर हा दाब पुरायचा नाही. दाब वाढवला तर मास्कच्या कडेने हवा सुटून डोळ्यांत जाते, ते तुम्हाला सहन होत नाही. कुशीवर झोपलात तर याच दाबात काम होईल. तीन महिने बघते. आकडा सतत पाचच्या आत राहिला तर क्रेनचं पत्र देते. नाही राहिला तर ती केबिन कायमची दुसऱ्याला जाईल."

तोपर्यंत सोपानरावांना स्टोअरमध्ये बसवलं. हातमोजे द्यायचे, सही घ्यायची. खिडकीतून त्यांना क्रेन दिसायची. नव्या ऑपरेटरने डाय धप्पकन टेकवला की ते मोजे मोजता मोजता डोळे मिटून घ्यायचे. तक्रार एका शब्दाची नाही. मला मात्र ते बघवत नव्हतं, म्हणून मी ठरवलं की हा प्रॉब्लेम आपण हातात घ्यायचा.

आता पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत वीस वर्षं काढलेल्या माणसाने प्रॉब्लेम हातात घेणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आम्ही दूध उतू गेलं तरी पाच वेळा 'का?' विचारतो, तक्ता काढतो, मूळ कारण लिहितो आणि ती चूक परत होऊच शकणार नाही अशी काहीतरी युक्ती बसवतो. सुधारणेचा फोटो काढून बोर्डावर लावतो. घरी बायका याला वैतागल्या आहेत. तर मी सोपानरावांच्या झोपेचा तक्ता काढला.

पहिली युक्ती सोपी होती. बनियनच्या पाठीला आतून खिसा शिवायचा आणि त्यात टेनिसचा चेंडू घालायचा. माणूस उताणा झाला की चेंडू टोचतो आणि तो आपोआप कुशीवर वळतो. सोजरवहिनींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, तीन बनियनांना खिसे शिवून दिले. उजव्या कुशीचा प्रश्नच नव्हता. दहा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून सोपानरावांचा उजवा खांदा मोडला होता, त्यावर भार देऊन झोपता येत नाही. म्हणजे डावी कूस. झालं काम, असं मी बसमध्ये दोन-चार जणांना सांगूनही टाकलं.

पहिल्या आठवड्याचा आकडा आला तीन. मी पेढे मागितले. दुसऱ्या आठवड्याचा आला चौदा. तिसऱ्याचा परत तीन, चौथ्याचा तेरा. मी तक्त्यावर शिफ्ट मांडल्या आणि चक्रावलो. रात्रपाळीच्या आठवड्यात, दिवसा झोपून, आकडा उत्तम. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात, रात्री घरी शांतपणे झोपून, आकडा वाईट. जगात सगळ्यांचं उलटं असतं. पण तक्ता खोटं बोलत नाही, ही माझी श्रद्धा. मी पाच वेळा 'का?' विचारलं आणि लाल पेनाने मूळ कारण लिहिलं: रात्रीचं जड जेवण.

सोपानरावांनी पुढच्या पहिल्या शिफ्टला सातही दिवस रात्री फक्त मुगाचं वरण प्यायलं. आकडा चौदा. मग मी उशी बदलायला लावली. मग त्यांचा पलंग ज्या भिंतीला टेकलेला होता त्या भिंतीच्या ओलीवर संशय घेतला. सोपानराव प्रत्येक वेळी मान डोलवायचे, "करतो की," म्हणायचे आणि करायचे. मी काही विचारायला गेलो की मात्र हातमोज्यांचे गठ्ठे उगाच इकडचे तिकडे लावत बसायचे. तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण माझं लक्ष तक्त्याकडे.

तिसरा महिना लागला. मॅडमनी बजावलं की आता शेवटचे चौदा दिवस, आणि ते नेमके पहिल्या शिफ्टचे, कारण रात्रपाळी त्या महिन्यात बंद होणार होती. मी एका रविवारी सकाळी थेट तळवड्याला गेलो. जागेवर जाऊन बघितल्याशिवाय चूक सापडत नाही, हेही आम्हाला कंपनीनेच शिकवलेलं.

सोजरवहिनींनी चहा टाकला. सोपानरावांनी मला आतली खोली दाखवली. पलंग भिंतीला लागून. भिंतीकडे सोपानराव झोपतात, दाराच्या बाजूला वहिनी, कारण त्यांना पहाटे पाण्यासाठी उठावं लागतं. उशाशी मशीन. खुंटीला चेंडूचे बनियन. पहिल्या शिफ्टचा आठवडा नुकताच संपलेला, आणि तिन्ही बनियनांवर धुळीचा थर. आठवडाभर रोज घातलेलं कापड असं दिसत नाही, हे ओळखायला क्वालिटीचा माणूस लागत नाही.

"सोपानराव, रात्री हे घालता का?"

ते हळूच म्हणाले, "दिसा घालतो. रात्री न्हाई."

माझं डोकं फिरलं. "मग मी तुम्हाला आठवडाभर वरणावर कशाला ठेवलं? सांगायचं नाही का?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि बोलले. "आवो, डाव्या कुशीला वळलं की माझं त्वांड भितीकडं हुतं. तिच्याकडं पाठ हुती. मी तिच्याकडं पाठ करून झोपत न्हाई."

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. वहिनींच्या माहेराहून आलेली म्हैस सोपानरावांनी त्यांना न विचारता विकली. भांडण झालं. उलटं सोपानरावच रुसले आणि तीन रात्री पाठ फिरवून झोपले. तिसऱ्या रात्री वहिनी तापाने फणफणल्या. सकाळी आईने हाका मारल्या तेव्हा सोपानरावांनी वळून पाहिलं, तर वहिनींना शुद्ध नव्हती. चिंचवडच्या दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले.

"माझ्या पाठीमागं ती रातभर कुडकुडत व्हती आन मला पत्ता न्हाई," ते म्हणाले. "तवापासनं पाठ केली न्हाई. आदी उजव्या कुशीला झोपायचो, तिच्याकडं त्वांड करून. खांदा मोडल्यापासनं उताणा. दिसा पलंगावर मी येकटाच आसतो, तवा कसंबी झोपतो. क्रेन जाईल तर जाईल, भीमराजभाऊ. जीव तुटतो माझा, खोटं कशाला बोलू. पर ह्ये काय मला जमत न्हाई."

माझ्या पाच 'का?'ची जागा कुठे आहे हे मला त्या वेळी कळलं. तरी खोड जात नाही. मी लगेच उपाय काढला, "मग जागा बदला की! तुम्ही दाराकडे, वहिनी भिंतीकडे. मशीनला लांब वायर लावून देतो, उद्याच आणतो."

"काय गरज न्हाई वायरीची. पाण्याला उठायला मला दाराकडंच बरं," दारातून आवाज आला. सोजरवहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे, चहावर साय धरली होती. त्यांनी ट्रे मशीनशेजारी ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"त्या म्हशीचं आजून डोक्यात हाय व्हय तुमच्या? मी कवाच इसरले."

सोपानराव मशीनची वायर गुंडाळायला लागले.

"आन माझ्याकडं त्वांड करून, उताणं पडून, काय मोठं सुख दिलं वो मला?" वहिनींचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "तुमी घोरत व्हता तवर बरं. मधीच बंद पडायचं. मी उठून बसायची. तुमच्या छातीवर हात ठिवायची. येक, दोन, तीन, मोजत ऱ्हायची. श्वास आला की आडवी व्हायची. धा वर्सं, रोज. तुमाला उठवलं न्हाई, कारन सकाळी तुमाला वर चढून बसायचं आसतं."

मला बाहेर जावंसं वाटलं, पण वाटेत वहिनी होत्या.

"भितीकडं त्वांड करा," त्या म्हणाल्या. "पाठ माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. मी पाठीवर हात ठिवीन. पाठ हालली की मला कळंल श्वास चाललाय. मलाबी डोळा लागंल."

सोपानरावांनी खुंटीवरचा एक बनियन काढला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला. मी थंड चहा एका घोटात संपवला आणि निघालो. बसस्टॉपवर माझे डोळे भरून आले होते, ते काही तळवड्याच्या धुळीने नव्हे.

चौदा दिवसांचा आकडा आला दोन पूर्णांक आठ. मंजुषा मॅडमनी कार्ड दोनदा तपासलं, मग पत्रावर सही केली आणि सोपानरावांना म्हणाल्या, "कूस सोडू नका." सोपानरावांनी मान डोलवली. मला तक्ता बोर्डावर लावायचा होता. मूळ कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांना विचारलं तर म्हणाले, "र्‍हाऊ द्या की कोरा." मी कोराच ठेवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला अर्धवट तक्त्याचं वाईट वाटलं नाही.

सोमवारी ते केबिनमध्ये चढले. पहिलाच डाय अठरा टनांचा. सगळं शॉप मान वर करून उभं. डाय सरकत आला, खाली आला आणि जागेवर बसला, आवाज न करता. नव्या ऑपरेटरनेच आधी टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या सुट्टीत सोपानराव खाली उतरले आणि कॅन्टीनची थाळी घेऊन माझ्यासमोर बसले. इतक्या वर्षांत त्यांना कॅन्टीनची थाळी घेताना मी कधी बघितलं नव्हतं.

"आज डबा नाही?" मी विचारलं. "नेमका आजच?"

"मी निघालो तवा झोपलीवती," ते म्हणाले. "गाढ. भांडी वाजली, दार वाजलं, तरी हालली न्हाई. लगीन झाल्यापासनं मी तिला झोपल्याली येकदाबी बघितली न्हवती, भीमराजभाऊ. माझ्या आदी उठायची आन माझ्या मागनं झोपायची. धा मिंटं तिथंच हुबा ऱ्हायलो."

"मग उठवायचं ना, आज एवढा मोठा दिवस."

"आत्ता फोन आला व्हता तिचा. का उठवलं न्हाई म्हनून लई बोलली." सोपानरावांनी कॅन्टीनच्या पातळ आमटीत चपाती बुडवली आणि चवीने खाल्ली. "बोलू दे. उद्याबी उठवनार न्हाई."