छोट्याची लिफ्टमधली धून

छोट्या उंचीला सहा फूट होता, वयाने साठीला टेकला होता आणि डोक्यावर केस नावापुरते उरले होते. पण ताई त्याच्याआधी जन्माला आली, तिने त्याला पाळण्यातच 'छोट्या' म्हणून टाकलं, आणि तिथून त्याची सुटका झाली नाही.

त्याचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. दवाखाने, ऑफिसं, हॉटेलं. कुठल्या ना कुठल्या लिफ्टच्या टपावर बसून तो ग्रीसचे हात पुसायचा आणि खाली वाजणारं संगीत ऐकून त्याचं डोकं उठायचं. "माणूस आधीच तारेला लोंबकळतोय," तो म्हणायचा, "त्यात हे रडगाणं कशाला?" लिफ्टमध्ये वाजायला एक धड धून हवी आणि ती आपणच करायची, हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं. निवृत्त होताना बाकीचे लोक घड्याळ मागतात. ह्याने कीबोर्ड मागितला.

आधी एका बोटाने, मग दोन, मग दोन्ही हातांनी, असं करत त्याने धून बसवली. सुरुवात संथ, लिफ्ट जमिनीवरून सुटते तशी. मग जरा लगबग. आणि शेवटाकडे एक असं करुण वळण, की वाजवता वाजवता त्याचेच डोळे भरून यायचे.

ताई तिच्या इमारतीच्या कमिटीची अध्यक्ष होती. धून ऐकून ती म्हणाली, "बरी आहे." ताईच्या तोंडून 'बरी' म्हणजे इतरांचा हार-तुरा. "रेकॉर्ड करून दे, आमच्या लिफ्टमध्ये लावते. आत्ता जे वाजतं ते ऐकून लोक जिने चढायला लागलेत."

कंप्युटर होता तो ताईकडेच. त्यावर ती पत्ते खेळायची आणि हरली की माउस आपटायची. रविवारी दुपारी छोट्या कीबोर्ड चादरीत गुंडाळून तिच्या घरी हजर झाला. भावोजी आतल्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन आडवे झाले होते.

वाद्यांच्या दुकानदाराने एक वायर दिली होती. एका टोकाला कंप्युटरमध्ये खुपसायची चपटी पिन, दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना: एकीवर लिहिलेलं 'इन', दुसरीवर 'आउट'. कीबोर्डच्या पाठीलाही दोन गोल भोकं, त्यांवरही तेच.

"ह्यात काय डोकं लावायचंय?" ताई म्हणाली. "इनला इन, आउटला आउट. कांदे कांद्यांत, बटाटे बटाट्यांत."

जोडलं. छोट्याने वाजवलं. कंप्युटर ढिम्म.

"जोरात वाजव."

"जोरातच वाजवतोय."

"त्याला ऐकू जात नसेल," असं म्हणून ताई पडद्यापाशी वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हॅलो!" हे तिने पुढे साफ नाकारलं, पण छोट्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

शेवटी दुकानदाराला फोन लावला. "अहो काका," तो म्हणाला, "तुमच्या तोंडातून निघालेलं ताईंच्या कानात जातं ना? तोंडात नाही ना जात? आउटला इन जोडा."

पिना उलट्या केल्या आणि काय, छोट्या वाजवेल तशा पडद्यावर रंगीत रेघा उमटायला लागल्या! त्याचा जीव भांड्यात पडला. डोळे मिटून त्याने अख्खी धून वाजवली, करुण वळणाला नाक ओढलं, आणि मान हलवून खूण केली. ताईने रेकॉर्ड झालेलं ऐकवायचं बटण दाबलं.

फडफडफडफडफड!

भावोजी पेपरासकट उठले, तडक बाल्कनीत गेले आणि आकाशाकडे बघू लागले. "हेलिकॉप्टर," ते म्हणाले. "फार खालून गेलं."

"झोपा हो तुम्ही," ताई म्हणाली. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा हेलिकॉप्टर, आणि नीट कान दिला तर ते चक्क छोट्याच्या धुनेच्या लयीत उडत होतं. करुण वळणाला तर ते जवळजवळ कोसळलंच. भावोजी आतून दुर्बीण शोधून आणायला गेले.

पुन्हा फोन. दुकानदार आता हसू दाबत होता. "काका, त्या वायरीतून आवाज जात नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, एवढीच बातमी जाते. आवाज कंप्युटर आपल्या यादीतून लावतो. तुम्ही यादीतून निवडला नाहीत, त्याने निवडला."

"म्हणजे लिफ्टच्या बटणासारखं!" छोट्या ओरडला. "तीन दाबलं म्हणजे तिसरा मजला काही वायरीतून येत नाही, निरोप जातो!"

"यादी आहे?" ताईने खुर्ची पुढे ओढली. "बघू."

आणि तिथे ताई हाताबाहेर गेली. छोट्याची धून तिने टाळ्यांच्या कडकडाटात ऐकली, पक्ष्यांच्या किलबिलाटात ऐकली, बंदुकीच्या गोळ्यांत ऐकली. गोळ्या सुटल्या तेव्हा भावोजी बाल्कनीतून सरपटत आत आले. त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर ते रागावले नाहीत. त्यांना समुद्राच्या लाटांमधली आवडली.

"ताई, माझा पियानो," छोट्या काकुळतीला येऊन म्हणाला. चहा झाल्यावर कुठे तो मिळाला.

धून लिफ्टमध्ये लागली. छोट्या पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आत उभा राहिला. लोक आले, गेले, मजले आले, गेले. करुण वळण काही आलं नाही. ते यायच्या आधीच वरचा मजला यायचा आणि दार उघडायचं. खाली उतरताना धून पुन्हा पहिल्यापासून.

"धून कापून छोटी कर," ताईने सांगितलं.

"धुनेला हात लावणार नाही," छोट्या म्हणाला. "लिफ्ट हळू करतो."

कमिटीच्या बैठकीत ताईने हे इतक्या गंभीर चेहऱ्याने मांडलं की सुरक्षिततेसाठी असेल असं समजून सगळ्यांनी हात वर केले. छोट्याने दुपारभर खपून लिफ्टचा वेग उतरवला. घाईतले लोक बोटं मोडत जिन्याने जाऊ लागले. बाकीचे आत उभे राहून आकडे बघत राहिले.

एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या बाई दोन पिशव्या घेऊन त्याच्या शेजारी उभ्या होत्या. वळण आलं. बाईंनी सूं करून नाक ओढलं. छोट्याने हळूच रुमाल पुढे केला.

"सर्दी झालीय हो," त्या म्हणाल्या.

"हो हो," छोट्या समजूतदारपणे म्हणाला, आणि रुमाल तसाच पुढे धरून उभा राहिला.