हाराजुकूतले नारिंगी बूट

जपानच्या सहलीबद्दल कुणी विचारलं की मी तिथल्या डिपार्टमेंट स्टोअरचं सांगतो. सकाळी दार उघडताना विक्रेते रांगेने उभे राहून आत येणाऱ्याला कमरेतून वाकून नमस्कार करतात, पुडकं असं बांधतात की कागद फाडवत नाही. त्याच्या आदल्या दिवशीचं मात्र मी कायम टाळत आलो. आता बायको गेल्यावर कुणासाठी टाळायचं?

नाशिकच्या मेनरोडवर साड्यांच्या दुकानात मी जन्मभर गादीवर बसलो. गिऱ्हाईक अडलं की साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशासमोर उभा राहायचो. बायका काठ बघायच्या, पदर बघायच्या. मला कुणी बघत नसे, आणि त्याचं मला काही वाटत नाही अशी माझी समजूत होती.

मुलगी टोकियोत नोकरीला. तिने आम्हाला बोलावलं तेव्हा मी खास राखाडी सूट शिवून घेतला. हिने गुडघे दुखतात म्हणून नारिंगी स्पोर्ट्स शूज घेतले, एवढंच. हाराजुकूला, म्हणजे तिथल्या तरुण पोरांच्या फॅशनच्या पेठेत, निघालो त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. हिने हिरवी इरकल जरा वर खोचून नेसली, वरून मुलीचं पिवळं जाकीट, डोक्याला जांभळा मफलर, कपाळावर नेहमीचं मोठं कुंकू.

"अगं, रंगांचा मेळ तरी बघ," मी म्हणालो.

"रिटायर झालात ना? मग साड्या विकू नका इथे."

हाराजुकूच्या गल्लीत गुलाबी केसांच्या पोरी, झालरींचे फ्रॉक, एकावर एक चढवलेले सदरे. यांच्यात आपला सूट उठून दिसेल असं मला वाटलं. मुलगी खाऊच्या रांगेत उभी होती. तेवढ्यात दोन पोरी धावत हिच्यापाशी आल्या. बूट बघून किंचाळल्या, कुंकवाकडे बोट दाखवलं, फोटो काढू का म्हणून खुणेने विचारलं. ही लाजली आणि मग अशी हसली, की तसं हसू आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही. आणखी पोरं जमली. एकीने मोबाईल माझ्यापुढे केला. मलाही बोलावताहेत असं वाटून मी टाय सारखा केला. तिला फोटो काढणारा हवा होता.

मी काढला. पण आतून जळत होतो. कपड्यातलं कळतं म्हणून जन्मभर मिरवलो मी, आणि सगळे बघत होते हिला.

निघताना त्या पोरीने मोबाईलमध्ये जपानीत काहीतरी बोलून त्यावर उमटलेलं हिंदी मला दाखवलं. इतकं सुंदर आम्ही आज काही पाहिलं नाही, रंग यांनी स्वतः निवडले का, असं होतं ते. हिचा चष्मा पर्समध्ये होता.

"काय म्हणते हो?"

"विचारतेय, कुठल्या सर्कशीतून आलात."

हिने मफलर सोडला. "तरीच एवढे गोळा झाले," म्हणाली आणि तो पर्समध्ये कोंबला.

दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंट स्टोअर. दार उघडतानाचा नमस्कार बघायचाच, हा हट्ट मूळचा हिचा. पण सकाळी ही मुलीचा काळा कोट आणि पँट घालून निघाली.

"आई, तुझे बूट?"

"चावतात गं."

दार उघडलं, दोन्ही बाजूंची माणसं वाकली आणि ही माझ्या पाठीमागे लपली. सुटातला मी पुढे होऊन सगळे नमस्कार घेत चाललो.

नाशिकला आल्यावर ते बूट कामवाल्या बाईंच्या पायात गेले. गोदाकाठी फिरायला जाणंही हिने हळूहळू सोडलं.

शेवटच्या आजारात, दवाखान्यात, मुलीचा व्हिडिओ कॉल संपल्यावर ही एकदम म्हणाली, "जपानात मी आपल्या लेकीला मान खाली घालायला लावली, नाही?"

मी स्टूल पुढे ओढलं. "अगं, ती मोबाईलवाली पोरगी त्या दिवशी..."

"राहू द्या. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

आणि मी राहू दिलं. उशी सारखी केली, पाणी पाजलं. चुकलो गं, जळलो तुझ्यावर, ती तुला सुंदर म्हणाली होती, एवढंच सांगायचं होतं.